बाबांनी टेप गुंडाळलेला पोल

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला! पण चहा ओतलाय, तर ऐकाच. पोल व्हॉल्टमध्ये बार न पाडता बाद झालेली मुलगी बघितलीये कधी? बघून घ्या.

वाचकहो, पोल वजनावर निवडतात. हलक्या माणसाला मऊ पोल, जड माणसाला कडक. साधं गणित! माझा पोल बाबांनी घेऊन दिलेला. ते लाइटची कामं करायचे, त्यामुळे पकडीच्या जागेवर टेप त्यांनीच गुंडाळायची, असा घरचा कायदा. करी रोडच्या आमच्या चाळीच्या जिन्यात पोल वळायचा नाही. मग ते चौकातून वर द्यायचे आणि मी गॅलरीतून ओढून घ्यायचे.

बाबा अचानक गेले.

तेरावं होईपर्यंत आमच्या घरी चूल पेटली नाही. अख्खी चाळ डबे आणायची. मला घास उतरायचा नाही, तर शेजारच्या सावंतकाकू समोर बसून भरवायच्या. "खा गो चेडवा, रडूक पण ताकद लागता!"

तेरावं झालं तरी डबे थांबेनात. पिठलं-भात गेला, बांगड्याचं तिखलं आलं. मी रडत होते आणि खात होते. दुःखाने माणूस वाळतो म्हणतात ना? मी फुगले!

स्पर्धेच्या दिवशी सरांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"प्राची, हा पोल आता तुला मऊ पडेल. कडक घे. आणि पकड चार बोटं खाली."

"टेप बाबांनी लावलीये, सर. तिथेच धरणार."

"अगं, पण वजन..."

"हाच पोल!"

एकदा, फक्त एकदा, बाबांच्या टेपला धरून मला वर जायचं होतं. त्यापुढे काही सुचतच नव्हतं हो.

धावले. पोल टेकला आणि वाकला. वाकला, वाकला, वाकतच गेला! मी बारच्या खालून सुळकन गेले आणि गादीवर पोलला मिठी मारून पडले. वर बार जागच्या जागी, हललासुद्धा नाही.

आणि मला रडू फुटलं. "बाबा... बाबा रे..."

प्रथमोपचारवाले धावले. "कुठे लागलं?"

"बाबा..."

"फार कळ येतेय वाटतं! पोल सोडा, मॅडम."

"नाही सोडणार!"

"अरे, हिचा हात आखडला रे!"

चौघांनी मिळून बोटं सोडवली, खांद्यापासून मनगटापर्यंत बँडेज बांधलं आणि हात गळ्यात अडकवला. उरलेल्या उड्या हुकल्या आणि मी बाद. हाताला काही झालेलं नाही हे सांगायला आधी हुंदका थांबायला हवा ना!

तशीच घरी आले. पोल सरांनी खालून वर दिला, आईने गॅलरीतून ओढून घेतला. बँडेज बघून चाळीत बोभाटा झाला. दहा मिनिटांत दारात सावंतकाकू, हातात डबा.

"काकू, नको. तुमच्या डब्यांनीच घात केलाय माझा."

"गप बस. उजवो हात बांधलेलो, कशी जेवतलंस? आ कर."

कोपऱ्यात तो पोल, त्यावर बाबांची टेप. मी रडत रडत आ केला. बांगडा होता. दोनदा भात मागून घेतला.