पायलच्या घरचा चहा

पायलच्या घरी चहाचा ट्रे समोर आला, तिथंच माझं सगळं बदललं.

मित्रहो, आज दुपारी भंडाऱ्याला तिच्या बाबांना लग्नाचं विचारायला एकटाच गेलो होतो. आठ-नऊ वर्षांची पोरगी चहा घेऊन आली. मला वाटलं, धाकटी बहीण असेल. विचारलं, "कितवीत आहेस?" ती ट्रे ठेवून आत वळली.

"कोंढा गावची आहे, घरकामाले ठेवली," बाबा म्हणाले. "जेवण-कपडे देतो."

"अन् शाळा, काका?" माझा आवाज चढला.

"कॉलेज सोडून बसला, अन् मले शाळा सांगून राहिला?"

पायल म्हणाली, "बाबा, तो बरोबर बोलून राहिला." तिनंच बाल हेल्पलाइनला फोन लावला.

संध्याकाळी हेल्पलाइनच्या मॅडम आल्या. पोरीनं विचारलं, "मले माय भेटल का?"

"भेटल, अन् शाळाही," मॅडम म्हणाल्या.

तुमच्या ओळखीत असं दिसलं तर बोलाल ना?

बाबांनी मला दार दाखवलं. पायल मात्र माझ्याकडे बघून हसत होती. मी बाहेर पडलो अन् दार हळूच लावलं.