तीन तक्रारी, एक तारीख
आमचा सुपरवायझर मूळचा नेरे गावचा. भातखाचरं विकली, जीप घेतली, गळ्यात जाड साखळी घातली आणि हिंजवडीच्या एका कंपनीत साफसफाईच्या बायकांवर मुकादमी करायला लागला. अक्कल मात्र खाचरांबरोबरच विकली असावी.

त्याच्या हाताखाली त्याच्याच गावच्या आम्ही तिघी, बुद्धविहाराच्या आळीतल्या. मी, माझी जाऊ आणि वयानं मोठी एक मावशी. आमच्या वाट्याला कायम संडास. पॅन्ट्रीत, म्हणजे चहा होतो तिथं, आमचं पाऊल नको. मी तिथलं काम मागितलं तर म्हणाला, "जागा न्हाई." लगेच त्याच्या मेव्हणीला जागा झाली. जावेनं तिथला कप उचलला, तर तिला घरून कप आणायला सांगितलं. मावशीनं एकदा अडीअडचणीला चहा टाकला, तर यानं पातेलंभर दूध मोरीत ओतलं. धडधडीत चांगलं दूध! मेल्याचा हात तरी कसा धजला?

तिघींनी आपापल्या तक्रारी केल्या. औद्योगिक न्यायालयात तीन वेगळ्या तारखा पडल्या आणि कंपनीचा वकील खूश झाला. सुटं सुटं धरलं की एक कपाचं भांडण, एक ड्यूटीचं, एक दुधाचं. त्यात मावशीच्या घराची वाट सुपरवायझरच्या उरलेल्या एका खाचराच्या बांधावरून. "वाट बंद करीन," हे त्यानं दोनदा ऐकवलेलं. मावशी एकटी उभी राहिली असती तर पहिल्याच तारखेला गळाली असती. म्हणून आमच्या वकीलबाईंनी अर्ज दिला, तिन्ही तक्रारी एकत्र चालवा.

कंपनीचा वकील उठला. तीन बाया, तीन मजले, तीन वेगळी कारणं, एकीचा दुसरीशी संबंध नाही, असं त्यानं घोळून घोळून सांगितलं. वर म्हणे, सुपरवायझरचं कुणाशी वैर नाही.

न्यायाधीश बाईंनी सुपरवायझरलाच विचारलं, "कारणं वेगळी होती का?"

झालं! शहाण्याला वाटलं, आपल्यावर वैराचा आळ येतोय. छाती काढून म्हणाला, "न्हाई मॅडम, कारन एकच. वैर कशाचं? तिगींनाबी सारखाच न्याय लावला. खालच्या आळीचं कुनी चुलीपाशी येत न्हाई, आमच्यात पैल्यापासून हाय. इचारा कुनालाबी."

कंपनीच्या विजेच्या शेगडीला हा चूल म्हणत होता! वकील त्याचा शर्ट ओढतोय आणि हा आपला ऐटीत उभा. मला हसू आलं, आणि किळसही. इतकी वर्षं या असल्या माणसाला भ्यायलो आम्ही?

न्यायाधीश बाईंनी तिन्ही तक्रारी एकत्र केल्या. पुढची तारीख तिघींना एकच.

बाहेर पडलो तर जिन्यात त्यानं मावशीला गाठलं. आवाज एकदम लोण्यासारखा. "मावशे, ह्या दोघींच्या नादी लागू नगंस. तू एकटी ये घरी, मिटवू. वाटंचंबी बगू."

मावशीनं पदर खोचला.

"एकटी कशापायी? सारखाच न्याय लावतूस न्हवं? तिगीबी येतो. चुलीपाशी बसव, चा कर, मंग बोलू."

संध्याकाळी मावशी त्याच्याच बांधावरून घरी गेली, आणि तिच्या मागून आम्ही दोघी.