ओहोटीत पसरलेली चादर

सकाळी ऑफिसला निघताना ईशानचा, माझ्या भाच्याचा, फोन आला. त्याला मराठी सगळं कळतं, पण बोलतो जर्मनच. ‘मामा इस्ट आइनगेश्लाफन,’ तो म्हणाला. जर्मनमधली मामा म्हणजे आई; आईला झोप लागली. त्याची आई म्हणजे माझी नीलिमावहिनी. दुखण्यामुळे कित्येक रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, म्हणून मी म्हटलं, बरं झालं रे, झोपू दे तिला. त्यानं फोन ठेवला. माणूस गेलं तरी इथे हाच शब्द वापरतात, हे इतकी वर्षं कार्ल्सरूहेत काढूनही मला ट्रामच्या थांब्यावर पोचल्यावर उमगलं. रडू आलं नाही. नुसतं खाली बसावंसं वाटलं.

वहिनी पुण्यात चित्रकला शिकलेली. लग्नानंतर ती दादाबरोबर दक्षिण जर्मनीतल्या नेकारसुल्मला आली. दादा तिथे मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होता. घराच्या वरच्या अंगाला द्राक्षांचे मळे होते आणि शरद आला की ती ते तैलरंगात रंगवायची, पिवळेधमक, तांबडे. मग दादाला उत्तरेत पवनचक्क्यांचं काम मिळालं आणि ते एल्बे नदीकाठच्या एका गावात राहायला गेले. नदी तिथे समुद्राला टेकलेली, त्यामुळे तिला भरती-ओहोटी. झाड नाही, टेकडी नाही. पुराचा लांबलचक बांध, त्यापलीकडे बोरूचं बन आणि मग मैलभर गाळ. वहिनी फोनवर म्हणायची, ‘इथे रंगच नाहीत गं. वर करडं, खाली करडं. मी काय काढू?’ वर्षभर तिनं ब्रशला हात लावला नाही. रंगाच्या ट्यूबा आतल्या आत वाळून गेल्या.

पुन्हा काम सुरू झालं ते पडण्यातून. ओहोटीच्या वेळी ती बांध उतरून फिरायला गेली आणि घसरली. गळ्यातली पिवळी सुती ओढणी गाळात पूर्ण माखली. घरी येऊन तिनं ती न धुताच वाळत टाकली, अंगात त्राण नव्हतं म्हणून. दुसऱ्या दिवशी बघते तर गाळाला बारीक भेगा पडलेल्या, पाणी जिथवर चढलं होतं तिथे खारट पांढरी रेघ, मधून पिवळा रंग डोकावतोय. तिनं ओढणी तशीच फळीवर ताणून बसवली. मी सुट्टीत गेले तेव्हा ती भिंतीवर होती. मी विचारलं, हे तू कधी केलंस? ती म्हणाली, ‘मी कुठे केलंय? मी फक्त पडले.’

त्यानंतर ती कापडं घेऊनच नदीवर जाऊ लागली. बोरूत खुंट्या ठोकून ती बांधायची, चार-सहा भरत्या त्यांच्यावरून गेल्या की सोडवून आणायची. मग त्यावर गंजलेली तार, शेजारच्या इर्मगार्ड आजींनी दिलेली फाटकी मासेमारीची जाळी, जुने मराठी दिवाळी अंक फाडून चिकटवलेले कागद, आणि सगळ्यावरून टाके. काही कापडं नदी घेऊन जायची. त्याचं तिला फार वाईट वाटत नसे.

शेवटच्या हिवाळ्याआधी, आजार कळल्यावर, तिनं सोलापुरी चादर नदीत बांधली. दादानं जर्मनीला येताना पहिल्या बॅगेतून आणलेली चादर. तो वैतागला होता. अजून दहा वर्षं टिकली असती, म्हणाला. ती म्हणाली, ‘अहो, ती टिकली असती हो. मी काय तेवढी थांबणार आहे?’ मग स्वतः जाऊन त्यानं खुंट्या ठोकून दिल्या.

हिवाळ्यात मी तिच्यासाठी तिथे राहायला गेले. घरातली सगळीच माणसं दमलेली होती... मी लॅपटॉपवर काम करता करता पेंगायचे, दादा सूप गरम करताना उभ्यानं डोळे मिटायचा. डॉक्टरांनी तिला चिखलापासून लांब राहायला सांगितलं होतं, म्हणून चादर आणायला मी आणि दादा दोघंच गेलो. निम्मी चादर नदीनं नेली होती. उरलेली दादानं गुडघाभर गाळातून ओढून काढली आणि खांद्यावर घेतली. आल्झो, तर मग, आता हिला काय सांगायचं, एवढंच पुटपुटला.

आम्ही ती धुऊन, वाळवून तिच्या मांडीवर ठेवली. वहिनी फाटलेल्या कडेवरून हळूहळू बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, ‘बरं झालं. माझ्यात एवढंच शिवायचं बळ आहे.’

त्यानंतर रोज थोडे टाके. सुईत दोरा मी ओवून द्यायचे. काही दिवस दोनच टाके व्हायचे आणि ती मान मागे टाकायची. वसंत येता येता शेवटची कड शिवून झाली, तेव्हा तिनं सुई माझ्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. आनंद झाल्याचं काही दिसलं नाही. काम संपलं होतं, तीही संपत आली होती.

मागच्या महिन्यात मी दादाकडे गेले. तिच्या खोलीत खिडकीखाली गाळानं भरलेलं एक घमेलं आहे, काम करताना ती त्यातला गाळ बोटानं घेऊन कापडाला लावायची. ती जाऊन इतके आठवडे झाले, तरी गाळ ओला होता, निळसर झाक असलेला. मी दादाला विचारलं. तो म्हणाला, ‘मी सकाळी पाणी घालतो. वाळला की राखेसारखा दिसतो. तिला तसा आवडत नव्हता.’

मी टाकून दे म्हणणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वेळेवर उठला नाही, थकून घोरत होता. मी तांब्याभर पाणी घेऊन गेले आणि घमेल्यात हळूच ओतलं.