रबरबँडपलीकडचा सामना

अमेरिकेतल्या आमच्या बॉथेल गावात फुटबॉलवर, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या इथल्या फुटबॉलवर, जीव टाकणारी माणसं पैशाला पासरी मिळतील. पण फुटबॉलच्या एका सामन्यासाठी ज्याचा जीव खरोखर खालीवर झाला असा माणूस मी एकच पाहिला, आणि तो सामना होऊन शंभरावर वर्षं उलटली होती. हे गृहस्थ म्हणजे आमच्या शेजारच्या निखिलचे वडील. नागपूरच्या तारघरातून निवृत्त झालेले. काकू गेल्यावर सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे राहायला आलेले. सप्टेंबरात निखिलनं त्यांना मोठ्या हौसेनं स्टेडियममध्ये नेलं. बँड, फटाके, डोक्यावरून गेलेली विमानं, पडद्यावर पडद्याएवढी माणसं. काका परतले ते कपाळाला बाम चोळत. मला म्हणाले, "लग्न दणक्यात झालं रे. नवरानवरी तेवढी दिसली नाहीत."

खरा फुटबॉल त्यांना सापडला तो लायब्ररीत. मी पुस्तकं परत करायला जाताना त्यांनाही गाडीत घेतलं होतं. तिथं स्थानिक इतिहासाच्या कपाटात जवळच्याच एका विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी काढलेल्या जुन्या वृत्तपत्राचा बांधीव खंड होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं कुठलंसं वर्ष, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर मिळून संघाचे सहा सामने. दुसरा कुणी असता तर तासाभरात सगळा सीझन वाचून मोकळा झाला असता. काकांनी तिथल्या तिथे नियम केला: त्या ऑक्टोबरातल्या पहिल्या शनिवारचा सामना आपणही ऑक्टोबरातल्या पहिल्या शनिवारीच वाचायचा, आणि पुढच्या सगळ्या पानांना जाड रबरबँड लावून टाकायचा. ग्रंथपालबाईंना हे इतकं पटलं की शनिवारी त्या खंड काढूनच ठेवू लागल्या. मला पटलं नव्हतं. पण गाडी माझी होती, तेव्हा दर शनिवारी त्यांना नेणं माझ्याकडेच आलं.

"बाबा, फोनवर दोन सेकंदांत सगळे रिझल्ट्स मिळतील," निखिल म्हणाला.

"मग पोटात गोळा कधी यायचा?" काका म्हणाले. "चौतीस वर्षं लोकांच्या बातम्या लोकांच्या आधी वाचल्या मी. कोण पास झालं, कोण गेलं. आता माझी बातमी तरी मला वेळेवर कळू दे."

खेळाचे नियम त्यांनी विचारले नाहीत. "हे हुतुतूच आहे, मध्ये चेंडू कडमडतो एवढंच," असा निर्वाळा देऊन त्यांनी संघाला आपलंसं केलं. शनिवारी मारुतीचा उपास ते पूर्वीपासूनच करत. पोरं नेमकी मारुतीच्याच वारी खेळतात म्हटल्यावर त्यांना काळजीचं कारण दिसेना. ते दिसलं तिसऱ्या सामन्यात. डावीकडच्या फळीतल्या एका दांडग्या पोराचा गुडघा दुखावला आणि त्याला उचलून बाहेर नेलं, अशी बातमी होती. पुढचा आठवडा काकांनी कसा काढला ते मी पाहिलं आहे. बुधवारी मी कचऱ्याचा डबा रस्त्यावर ढकलत होतो, तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला.

"गुडघ्याला काय लावत असतील रे हे लोक?"

"काका, आता काय लावणार?"

"तिळाचं तेल कोमट करून लावायला हवं."

निखिल गाडी काढत होता. तो वैतागला. "बाबा, प्लीज! ती सगळी मुलं कधीच वारली."

"माहीत आहे मला," काका शांतपणे म्हणाले. "पण या शनिवारपर्यंत नाही."

चौथ्या सामन्यात तो पोरगा खेळला. काकांनी डब्यातली साबुदाण्याची खिचडी ग्रंथपालबाईंना बळेच खायला घातली. त्यांनी कारण विचारलं, तर इंग्रजीत म्हणाले, "ही प्लेड!"

पाच सामने झाले. चार जिंकले, एक बरोबरीत. उरला शेवटचा, शेजारच्या गावाच्या संघाशी, नोव्हेंबरातल्या शेवटच्या शनिवारी. आणि काकांची मुदत संपत होती त्याच्या आदल्या मंगळवारी. मुदत वाढवून घ्यायचं निखिलच्या मनात होतं. पण कामाच्या रगाड्यात अर्ज राहून गेला.

विमानतळावर निखिल बॅगा ठेवायला ट्रॉली आणायला गेला तेव्हा मी म्हटलं, "काका, शनिवारी मी त्या पानाचा फोटो काढून पाठवतो. सामना झाल्यावरच."

त्यांना मोह झालेला दिसला. चष्मा काढून त्यांनी तो उगाच पुसला. "नको रे," म्हणाले. "एक सामना शिल्लक राहू दे. निखिल 'या' म्हणतो, ते खरंच आहे. पण नुसतं 'या' म्हटलं की माणूस पाहुणा होतो. इथं माझं एक काम राहिलंय म्हटलं की यायला बरं वाटेल." मग आत जाता जाता मागे वळून म्हणाले, "तूही बघू नकोस हं."

त्याला तीन वर्षं झाली. डॉक्टरांनी त्यांचा लांबचा प्रवास बंद केला आहे. निखिल वर्षातून एकदा नागपूरला जाऊन येतो. ऑक्टोबर लागला की शनिवारी मला फोन येतो.

"काय रे, गुडघा?"

"बरा आहे काका. पळतोय."

"शेवटच्या सामन्याला उभा राहील ना?"

"राहील की."



गेल्या शनिवारी लायब्ररीत सहज तो खंड हातात घेतला. रबरबँड वाळून गेला होता. हात लागताच तुटला आणि पानं आपसूक उघडली. मी घाईघाईनं डोळे मिटले, चाचपडत खंड बंद केला आणि बाईंकडे नवा रबरबँड मागितला.