मंगळवारची ट्रायल

गळ्यातली टेप काढायची, झटकायची, परत गळ्यात घालायची आणि म्हणायचं, "मंगळवारी ट्रायलला या." केबिन रोडवरचे आमचे शिंपीमास्तर गिऱ्हाइकाशी एवढंच बोलत. कुठला मंगळवार ते कधी सांगितलं नाही. असा शिंपी तुम्हीही पाहिला असेल, पण त्याने बांधलेली होडी पाहिली नसेल. मी पाहिलीय. पाहिली काय, मीच बांधली. मास्तर म्हणत, त्यांनी बांधली. असो.

मी सुतार. शाळा तिसरीपर्यंत. हाटकेशला गाळा आहे, दरवाजे-कपाटं करतो. नातीच्या लग्नासाठी मास्तरांकडे पँटचं कापड टाकलं होतं. चॉकलेटी, चांगलं भारीतलं. नातीचं लग्न झालं, तिला मुलगा झाला, त्याचं बारसं झालं, आणि सगळीकडे मी जुन्याच पँटमध्ये. समोरून गेलो की मास्तर दुकानातून हात करायचे. "मेस्त्री, मंगळवारी."

होडीचं असं झालं. मास्तरांची बायको तारोडीची, कोळ्यांच्या घरातली. आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. मास्तर मात्र जमिनीचा माणूस. होडीत पाय ठेवला की पोटातलं बाहेर. लग्न झाल्यापासून सासरवाडीला रिक्षानेच जात. मेव्हण्याची मोठी इंजिनाची बोट. त्याच्या घराच्या वास्तुशांतीला तो भर पंगतीत म्हणाला, "आमच्या भावोजींची सुई एक वेळ पाण्यावर तरंगल, भावोजी न्हाय."

सगळे हसले. वहिनीही हसल्या. पण परतीच्या रिक्षात त्या पदराने डोळे पुसत होत्या, असं मास्तरांनी मला सांगितलं. तिथेच त्यांनी शब्द देऊन टाकला. आता माहेरी जाशील ती समुद्रातून, माझ्या होडीतून, माझ्या शिडावर. इंजिनसुद्धा नाही लावणार.

दुसऱ्या दिवशी गाळ्यावर आले. "मेस्त्री, होडी जमेल?"

मी आयुष्यात होडी केली नव्हती. पण लाकडाला नाही म्हणायची मला सवय नाही. जमेल म्हटलं. जावई मोबाईलवर होडीचे व्हिडिओ दाखवायला लागला, त्याला सांगितलं, ठेव खिशात. लाकूड माझ्या हातात आहे, तुझ्या मोबाईलमध्ये नाही.

कोणीही आधी होडी करील, मग शीड. मास्तरांनी आधी शीड शिवलं, तेही पंधरा दिवसांत. माझी पँट आठवा. शीड इस्त्री करून, घडी घालून, पिशवीत बांधून आणलं आणि उघडू देईनात. घडी मोडेल म्हणे. त्या शिडाला शोभेल अशा होडीचं माप त्यांनी मला दिलं: उंची, छाती, कंबर. वर बजावलं, "पोटात सैल ठेवा. बसल्यावर तंग होते."

पाडलेल्या बिल्डिंगचे सागवानी दरवाजे आणून मी त्यातून फळ्या काढल्या. एका फळीत, बाहेर कोण आलंय ते बघायचं भोक राहिलं आणि ते नेमकं तळाला आलं. मी लाकडाची खुंटी ठोकणार तर मास्तरांनी कोटाचं बटण काढलं. आमचं वाजलं. शेवटी खुंटी मी ठोकली आणि तिच्यावर बटण त्यांनी बसवलं. शोभेला.

मेव्हणा बघायला आला. होडीभोवती फिरला. आत छोटा ड्रॉवर होता, ड्रॉवरला कडी-कोयंडा होता, सगळ्यावर आरशासारखं पॉलिश. म्हणाला, "भावोजी, ही होडी हाय का कपाट?" मग हसणं थांबवून सांगायला लागला की फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासा, खालून डांबर लावा, न्हायतर बुडाल. मी म्हटलं, माझ्या सांध्यात सुई जात नाही. मास्तरांनी लगेच सुई घातली. गेली.

तेव्हापासून सांधे हे त्यांचं खातं झालं. पोतंभर कातरण आणलं, लग्नाच्या ब्लाउजांचं, जरीचं, आणि कात्रीच्या टोकाने ठासत बसले. डांबराला मात्र मी आडवा गेलो. माझ्या पॉलिशवर डांबर? बोलणं बंद झालं. वहिनी डबा घेऊन येत आणि याचं त्याला, त्याचं याला सांगत. आम्ही दोघं हातभर अंतरावर. शेवटी तोडगाही वहिनींनीच काढला. पाण्याखाली डांबर, पाण्यावर पॉलिश.

टेम्पोत होडी चढवली तेव्हा नाक्यावरच्या फरसाणवाल्याने विचारलं, "अंकल, इतना बड़ा सोफा किसका?"

"मेरे ससुराल का," मास्तर म्हणाले.

उत्तनच्या किनाऱ्यावर होडी पाण्यात ढकलली. तिकडे तारोडीला मेव्हणा अर्धं गाव घेऊन उभा होता. मास्तरांच्या अंगात सफारी, गळ्यात टेप. घोट्याएवढ्या पाण्यात गेले आणि थांबले. म्हणायला लागले, आज नुसती ट्रायल घेऊ, दोरीला बांधून रिकामीच सोडू. डिलिव्हरी मंगळवारी.

वहिनींनी लुगडं आवरलं, होडीत चढल्या आणि सुकाणू धरलं. "लग्न झाल्यापासून ट्रायलच चाललीय तुमची," त्या म्हणाल्या. "चढा."

मास्तर चढले. डोळे मिटून शिडाची दोरी ओढली. इस्त्रीची घडी उलगडली, वारा भरला, आणि बघतो तर पांढऱ्या मांजरपाटाच्या खालच्या कोपऱ्यात, दोरीचा सगळा ताण येतो तिथे, हे भलं मोठं चॉकलेटी ठिगळ.

"मास्तर, माझी पँट!"

"भारी कापड आहे, मेस्त्री," ते होडीतून ओरडले. "फाटणार नाही." पुढचं बोलणं समुद्रात गेलं, सकाळच्या नाश्त्यासकट. पण दोरी सोडली नाही.

मी टेम्पोने तारोडीला पोचलो तेव्हा मेव्हणा कमरेएवढ्या पाण्यात शिरला होता. त्याने होडीचं नाक धरलं. बहिणीकडे पाहिलं, भावोजींकडे पाहिलं. 

"दादा, ह्यांना हात दे," वहिनी म्हणाल्या. "ह्यांनी आणलंय मला."

होडीत घोटाभर पाणी होतं. ते लाटेचं. सांध्यातलं नव्हे.

त्यानंतर मास्तर सासरवाडीला होडीनेच गेले, दर वेळी ओकत. गेल्या वर्षी वारले. घरीच, झोपेत. त्यांच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

मध्ये तारोडीला जाऊन आलो. वहिनी आता तिथेच असतात. होडी अजून त्याच चालवतात. मांजरपाट पार विरलंय. मेव्हण्याने नायलॉनचं नवं शीड आणून ठेवलंय, त्या लावत नाहीत. चॉकलेटी ठिगळ मात्र काल बसवल्यासारखं.

"मेस्त्री, तुमचं कापड उसवून देऊ का?" वहिनींनी विचारलं. "अजून पँट होईल."

मी म्हटलं, राहू द्या. मास्तरांनी मंगळवारी बोलावलंय.