किडनीच्या औषधाचं गाव: जायचा रस्ता आणि न जायचं कारण

एरवी या ब्लॉगवर मी गावाचं नाव आधी लिहिते आणि मग तिथे खायचं काय ते. या वेळी नाव लिहिणार नाही. अमरावती आणि अकोल्याच्या मधलं एक गाव, एवढंच समजा. नाव लिहिलं की फोनमधलं एआय तेवढंच उचलेल आणि बाकीचं सोडून देईल, अशी धास्ती मला आता बसली आहे.

जायचं ठरवलं दादाने. दादा माझा मोठा भाऊ. वहिनी गेल्यापासून आमच्याकडे पुण्यातच असतो. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत आणि मंगळवार-शुक्रवार डायलिसिस असतं. जन्मभर बँकेत काढलेला हा माणूस, समोरच्याची सही दोनदा ताडून बघितल्याशिवाय कधी पुढे गेला नाही. आता मात्र फोनमधल्या त्या उत्तरं देणाऱ्या एआयशी तासन् तास बोलत बसतो. मी चिडले की म्हणतो, "डॉक्टर घड्याळाकडे बघत बोलतात. हा कंटाळत नाही."

त्यालाच दादाने विचारलं होतं की डायलिसिस सुटेल असं औषध कुठे मिळतं. उत्तर आलं की वऱ्हाडात अमुक गावी एक कुटुंब पिढ्यान्पिढ्या किडनीचं औषध देतं, दर रविवारी सकाळी, एक पैसाही न घेता. खाली लोकांचे अनुभव, सगळे चांगले. त्याच्याही खाली डॉक्टरांचा सल्ला घ्या वगैरे होतं, पण तिथवर दादाचं बोट पोचलंच नाही.

"औषध मिळालं की डायलिसिस बंद," त्याने जाहीर केलं. बंद केलं तर काय होतं ते आम्हा दोघांनाही चांगलं माहीत होतं. मी वाद घातला, रडले, दोन दिवस अबोला धरला. तो एकटाच निघाला असता, म्हणून शेवटी बरोबर गेले.

शुक्रवारचं डायलिसिस आटोपून रात्रीची गाडी धरली आणि सकाळी बडनेऱ्याला उतरलो. तिथून अमरावती रिक्षाने अगदी जवळ आहे. मुक्काम साध्या लॉजवर, खोली स्वच्छ, गरम पाणी सकाळीच. अमरावतीला गेलात तर गिला वडा खा, दह्यात बुडवलेला आणि वरून झणझणीत चटणी. मी मागवला खरा, पण दादासमोर खाल्ला नाही, बांधून घेतला. त्याचं पथ्य फार कडक. वरूडची संत्री गाड्यांवर रचलेली होती, तीही त्याला वर्ज्य. त्याने एक विकत घेतलं आणि नुसतं हुंगत फिरला. तेवढ्यानेही त्याचा चेहरा खुलला, ते बघून मला जास्तच वाईट वाटलं.

रविवारी सकाळी गाडी ठरवली. परतीला अकोला स्टेशनवर सोडायचे पैसे वेगळे सांगतात, ते आधीच बोलून घ्या. गावाचं नाव काढताच ड्रायव्हर म्हणाला, "किडनीवाले काय?"

"कुणी बरं झालेलं बघितलंय का तुम्ही?" मी विचारलं.

"मले का माहीत? जातानी लोकं लय बोलतेत. येतानी कोणी बोलत नाही."

दर्यापूरपर्यंत रस्ता बरा आहे. पुढे फाटा फुटला की खड्डे सुरू. दोन्हीकडे काळं रान, वेचणीला आलेला कापूस, मधे तुरीची पट्टी. हा सगळा खारपाण पट्टा, जमिनीतलं पाणी खारट. प्यायचं पाणी बरोबर ठेवा, वाटेत हॉटेल नाही.

घर शोधावं लागलं नाही. दारात गाड्याच गाड्या, नागपूरच्या, मध्य प्रदेशच्या, तेलंगणाच्या. अंगणात सुजलेल्या पायांची माणसं सतरंजीवर बसलेली आणि ओसरीवर नारळांचा ढीग. घरातली सून शोभाताई पदर खोचून सगळ्यांना एकच गोष्ट सांगत होती.

"मामाजी, म्हंजे माहे सासरे, कवाचेच वारले. आमच्या घरी कावीळचं औषध देत होते. किडनीचं कोणी कदी देल्लंच नाही. कोणं फोनवर टाकलं, देव जाणे."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. दादाकडे वळले, तेवढ्यात मागचे एक गृहस्थ हळूच म्हणाले, "पहिले नाहीच म्हणते ते. परीक्षा घेते. फोनवर लिहेल हाय तसं."

दादाने मान हलवली. त्यानेही ते वाचलं होतं.

मी शोभाताईंना बाजूला गाठलं. त्यांच्या हातात कागदाच्या पुड्या होत्या. "मग हे काय देताय?"

"भाजेल ज्वारीचं पीठ हाय बाई. मी काय करू? नाही म्हटलं तं पाया पडतेत, दारातून हालत नाही. अन् मामाजीचं सांगणं होतं, औषधाले आलेला माणूस रिकाम्या हातानं वापस धाडायचा नाही."

"पण मग लोक लिहितात की औषध मिळालं."

"आता माह्या हाती हाय का ते?" त्या म्हणाल्या, आणि ओसरीच्या कोपऱ्याकडे बोट केलं. खाटेवर त्यांचा नवरा पडला होता. त्याच्या डाव्या हाताची शीर फुगलेली, थेट दादाच्या हातासारखी. "ह्यायले तं आमीच अकोल्याले नेतो डायलिसिसले. औषध असतं तं नेलं असतं काय?"

हे दादानेही ऐकलं. तो जाऊन खाटेवर टेकला.

"पायात गोळे येतात का?" दादाने विचारलं.

"लय. तुमाले?"

"मशीनवर असतानाच येतात."

दोघं बराच वेळ बोलत बसले. तहानेबद्दल, सुयांबद्दल. निघताना दादा शोभाताईंसमोर उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुडी त्याच्या हातावर ठेवली. अकोल्यापर्यंत तो एक शब्द बोलला नाही.

घरी आल्यावर पुडी त्याने स्वतःच केराच्या डब्यात टाकली. डायलिसिस चालू ठेवतो म्हणाला. मला वाटलं, जिंकले. मग हा लेख लिहायच्या आधी मी फोनला त्या गावाबद्दल विचारलं. सगळ्यात वर ताजा अनुभव होता, दादाच्या नावाचा. "जाऊन आलो. ताईंनी औषध दिलं, पैसे घेतले नाहीत. माणसं देवासारखी."

मी फोन त्याच्यासमोर धरला. माझा आवाज चढला होता. तो शांतपणे म्हणाला, "जायचं ठरलं तेव्हापासून मला रात्रीची झोप लागत होती. दुसऱ्याची मी कशाला मोडू?"

"आणि कुणी डायलिसिस बंद केलं तर?"

ते लिहिलेलं मी त्याच्या फोनवरून काढून टाकलं. संध्याकाळी पुन्हा विचारलं, तर उत्तरातला एक शब्दही कमी झाला नव्हता.

मंगळवारी दादाला मशीनवर लावलं. शेजारच्या पलंगावरच्या बाईंचे यजमान माझ्याजवळ आले. दादाचा अनुभव त्यांनी आधीच वाचला होता. मी त्यांना सगळं सांगितलं, मामाजी गेल्याचं, ज्वारीच्या पिठाचं, खाटेवरच्या माणसाचं. त्यांनी मन लावून ऐकलं.

मग त्यांनी विचारलं, "पण ताई, जायचं ते रविवारीच ना?"