आत्याचं पातळ आणि काळे तीळ

भाऊ माझ्या कॉलेजात पहिल्यांदा आले ते आत्या गेल्याचं सांगायला. भाऊ म्हणजे माझे वडील, गंगेच्या घाटावर यात्रेकरूंची श्राद्धं चालवतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे वर्गात कसं शिरायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. दाराबाहेर चपला काढून ते नुसते उभे राहिले. सर थांबले. मी वळून पाहिलं आणि मला कळलं.

याला आता महिना होऊन गेला. लिहावं की नाही, मला अजून ठरवता येत नाही. पण आत्याबद्दल आमच्या बालाजी घाटावर जे बोललं जातं, ते मला ऐकवत नाही.

गेला पावसाळा सरताना सुरतेहून प्लेगची बातमी आली. मागोमाग तिकडच्या गिरण्यांतले मजूर गाड्या भरभरून इकडे परतले. सरकारी इस्पितळात तापाचा एक वॉर्ड वेगळा काढला. डॉक्टरांना मास्क मिळाले. झाडूवाल्यांना कोण देणार? सुखिया पूर्वी आमची गल्ली झाडायची, नंतर इस्पितळात लागली. कामावर जाताना ती आमच्या पायरीशी थांबून आत्याशी दोन शब्द बोलायचीच. आत्यानं तिला विचारलं, ‘‘तोंडाला काय बांधतेस गं?’’ सुखियानं पदर दाखवला. त्याच पदरानं ती घाम पुसायची, त्यातच तंबाखूची पुडी बांधायची.

आत्यानं शिवणाचं मशीन काढलं. चादरी, परकर, भाऊंची जुनी धोतरं, जे हाताला लागेल ते फाडलं. तोंडावरच्या त्या पट्ट्यांना ती मुसकी म्हणायची, बैलाला बांधतात तशी. ‘‘निदान तुझी चुगली तरी बंद होईल,’’ असं ती सुखियाला म्हणाली. सुखिया हसली, ‘‘आ आपके मुँह पर के बान्ही, बुआजी?’’ आत्याच्या तोंडाला कोण बांधणार, म्हणून.

घरातलं कापड संपलं. उरली ती भाऊंची पेटी, श्राद्धात दान आलेल्या पंच्यांची आणि धोतरांची. कापड कोरं, पण मेलेल्याच्या नावानं दिलेलं. आमच्याकडे ते कुणी अंगाला लावत नाही. दुकानदाराला परत जातं आणि तोच ते पुढच्या यात्रेकरूला विकतो. भाऊ म्हणाले, ‘‘अक्का, हे चालायचं नाही.’’ आत्या म्हणाली, ‘‘दुकानात गेलं की पुन्हा नवं होतं, आणि मी शिवलं की मढ्याचं होय रे?’’ भाऊंनी किल्ली दिली.

ती मुसकी वॉर्डात चार दिवस चालली असतील. मग सुखियाला शिवणीच्या घडीत एक काळा तीळ सापडला. गंगेच्या काठी राहणाऱ्याला पांढऱ्या कापडातला काळा तीळ कुठून येतो हे सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या सगळ्या बायका आमच्या दाराशी आल्या. सुखियानं मुसक्यांची चळत पायरीवर ठेवली. ‘‘मुर्दा क कपड़ा मुँह पर बन्हववलू, बुआजी? हमार बाल-बच्चा नाहीं हौ?’’ तिला रडू फुटलं होतं. आत्यानं समजावलं, हात जोडले. कुणी ऐकलं नाही. बायका तोंडाला पदर लावून कामावर गेल्या.

आत्यानं त्या चळतीतलं वरचंच मुसकं उचललं, स्वतःच्या तोंडाला बांधलं आणि त्यांच्या मागोमाग निघाली. रोज जाऊ लागली. व्हरांड्यात बसायची, कुणा मजुराला पाणी पाजायची. ‘‘मी मरते का ते बघा,’’ एवढंच बायकांना सांगायची. हळूहळू एकीनं मुसकं मागून घेतलं, मग दुसरीनं. सुखियानं नाही घेतलं.

प्लेग आमच्याकडे आलाच नाही, असं पुढे डॉक्टर म्हणाले. वर्तमानपत्रं गप्प झाली, वेगळा वॉर्ड मोडला. पण खोकणारी माणसं तिथेच होती, क्षयाची, कसली कसली... ती कुठे जाणार? म्हणून आत्याही जात राहिली. थंडीत तिला ताप भरला. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया. मी उशाशी बसले होते तेव्हा तिनं एकच विचारलं, ‘‘बांधतायत ना गं त्या?’’ मी हो म्हटलं. तेव्हा ते खरं होतं.

ती गेली आणि दुसऱ्याच दिवशी बायकांनी मुसकी टाकून दिली. बुआजींना मुर्द्याच्या कापडानं नेलं, असं सगळे म्हणू लागले. तिनं स्वतःचा जीव पुरावा म्हणून ठेवला होता, आणि तो पुरावाच उलटा फिरला. मी कॉलेजात शिकते म्हणून भांडायला गेले. माझं काय ऐकणार? आत्याला कशानं गाठलं, हे मला तरी कुठे नक्की सांगता येतं...

तेराव्याला सुखिया पायरीशी आली. मग म्हणाली, बुआजींच्या नावानं दिलेलं कापड असेल तर त्यातलं एक शिवून दे. दहाव्याला आत्याच्या नावानं पांढरं पातळ दान दिलं होतं, ते केव्हाच दुसऱ्या गुरुजींकडे गेलेलं. दिलेलं दान परत मागायचं नसतं. भाऊ उठले, गेले, आणि पातळ काखेत घेऊन आले.

मी शिवलं. टीप वाकडी आली. सुखियानं ते उलटंसुलटं करून पाहिलं, शिवणीवरून बोट फिरवलं.

‘‘ए में तिल नाहीं हौ?’’

‘‘नाहीं, झाड़ के निकाल दिए,’’ मी म्हटलं.

‘‘रहे देतू, बिटिया,’’ राहू द्यायचे होतेस तीळ, असं ती म्हणाली, आणि ते बांधून कामावर गेली. एकटीच.

बाकीचं पातळ मशीनवर घडी करून ठेवलंय. मागायला अजून कुणी आलेलं नाही. त्याच्या घड्या मी झटकत नाही.